थंबनेल बनवणारा वर्कर पुन्हा पुन्हा बंद पडतो: कारणे आणि उपाय

छायाचित्रे अपलोड करून घेणाऱ्या बहुतेक वेबसाइटींच्या मागे एक वर्कर, म्हणजे पडद्यामागे काम करणारा प्रोग्राम, असतो. तो रांगेतून एकेक जॉब उचलतो, चित्र उघडतो, लहान करतो आणि साठवतो. या वर्करबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते. तो मध्येच मरतो, आपोआप पुन्हा सुरू होतो, काही सेकंदांत पुन्हा मरतो, आणि तोवर इतर वापरकर्त्यांची चित्रे रांगेत खोळंबून राहतात. कंटेनरचा (प्रोग्राम ज्या बंदिस्त वातावरणात चालतो त्याचा) एक्झिट कोड, म्हणजे बंद पडतानाचा क्रमांक, १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक ९: नऊ क्रमांकाचा सिग्नल पाठवून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) प्रक्रिया मारलेली असते. कर्नलच्या लॉगमध्येही मेमरी संपल्याची नोंद सापडते. यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय केला जातो तो मेमरी वाढवण्याचा. दोन जीबीचे चार केले जातात, चाराचे आठ. काही दिवस बरे जातात आणि मग तेच चक्र पुन्हा सुरू होते.

मेमरी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण किती मेमरी लागणार हे इथे आपण ठरवत नसून फाइल पाठवणारा ठरवत असतो. त्याने हे मुद्दाम केले असेल तर तो सेवा बंद पाडण्याचा हल्ला ठरतो आणि नकळत झाले असेल तर अपघात. पण सर्व्हरला दोन्ही सारखेच आणि दोन्हींचे उपायही बव्हंशी सारखेच आहेत. पुढील विवेचन मुख्यतः पायथॉनमधील पिलो आणि सर्वत्र वापरले जाणारे इमेजमॅजिक या चित्र-प्रक्रियेच्या साधनांना धरून आहे, पण तर्क कोणत्याही लायब्ररीला लागू पडेल.

आधी चक्र थांबवा

कारण शोधण्याच्या आधी रांग मोकळी करणे गरजेचे आहे. वर्कर पुन्हा पुन्हा मरतो याचा अर्थ बहुधा असा असतो की एकच जॉब त्याला पुन्हा पुन्हा दिला जात आहे. काम पूर्ण झाल्यावरच रांगेला त्याची पोच देण्याची पद्धत चांगली आहे, पण तीत एक धोका आहे: काम करतानाच सगळा कंटेनर मारला गेला तर पोच जात नाही, रांग समजते की काम झालेले नाही, आणि तोच जॉब नव्या वर्करच्या हाती ठेवते. सेलरीमध्ये (पायथॉनमध्ये जॉबच्या रांगा चालवणाऱ्या साधनात) केवळ उपप्रक्रिया मारली गेली तर, उशिरा पोच देण्याची सोय चालू असली तरीही, जॉब मूळ सेटिंगमध्ये पुन्हा रांगेत जात नाही. मात्र वर्कर हरवल्यास जॉब नाकारून परत पाठवण्याचे सेटिंग कोणी चालू केले असेल तर जातो, आणि असे केल्याने अंतहीन फेरे होऊ शकतात असा इशारा सेलरीच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. तेव्हा हे सेटिंग आधी तपासावे.

कायमचा उपाय म्हणजे प्रयत्नांची नोंद चित्र उघडण्याच्या आधी करणे. जॉब हातात घेताच डेटाबेसमधील प्रयत्नांचा आकडा एकाने वाढवावा, तो बदल कमिट (कायम) करावा, आणि मगच फाइलला हात लावावा. आकडा दोनच्या वर गेलेला दिसला तर फाइल न उघडता वेगळ्या जागी बाजूला ठेवावी. अपवाद पकडून त्यात आकडा वाढवणारा कोड इथे निरुपयोगी ठरतो, कारण नऊ क्रमांकाचा सिग्नल आल्यावर अपवाद उठत नाही, शेवटची साफसफाई होत नाही, आणि बफरमध्ये राहिलेली लॉगची ओळसुद्धा डिस्कवर पोहोचत नाही. अमेझॉनची एसक्यूएस ही रांगेची सेवा वापरत असाल तर कमाल किती वेळा जॉब द्यायचा हे ठरवून अपयशी जॉब वेगळ्या रांगेत टाकण्याची सोय तयारच आहे. ती चालू आहे की नाही एवढेच पाहावे.

दोषी फाइल कशी ओळखावी

डीकोड, म्हणजे फाइलमधून पिक्सेल उलगडणे, सुरू करण्याआधी लॉगमध्ये एक ओळ लिहावी: जॉबचा क्रमांक, फाइल किती बाइटची, फॉरमॅट कोणता, रुंदी आणि उंची किती. काम संपल्यावर दुसरी ओळ. ज्या जॉबची पहिली ओळ आहे पण दुसरी नाही, तोच आपला जॉब. पिलोमध्ये चित्र उघडण्याची क्रिया फक्त हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचते, पिक्सेल वाचत नाही. प्रत्यक्ष डीकोडिंग लोड करताना किंवा आकार बदलताना होते. त्यामुळे रुंदी-उंची विचारायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. इमेजमॅजिकच्या आयडेंटिफाय आज्ञेला पिंगचा पर्याय दिला की तीही शक्यतो पिक्सेल न उलगडता उत्तर देते.

अशी फाइल सापडली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण ती अगदी लहान असते. एखादी पीएनजी फाइल घेऊन तिचे सुरुवातीचे बाइट हेक्स स्वरूपात पाहावेत. पहिले आठ बाइट ही पीएनजीची ओळख, पुढचे चार पहिल्या भागाची लांबी, त्यापुढचे चार त्या भागाचे नाव. सतराव्या बाइटपासून चार बाइट रुंदी आणि त्यानंतरचे चार बाइट उंची. तिथे ‘०० ०० ७५ ३०’ असे दोनदा लागोपाठ दिसले तर चित्र ३०,००० गुणिले ३०,००० पिक्सेलचे आहे, म्हणजे एकूण ९० कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला एकच बिट असलेले एकरंगी चित्र असेल तर कच्चा डेटा सुमारे ११.२५ कोटी बाइट होतो, आणि पीएनजी जी डिफ्लेट संकोचन पद्धत वापरते ती जास्तीत जास्त सुमारे १०३२ पट दाबू शकते. म्हणजे ही फाइल साधारण ११० केबीची असू शकते. पाच एमबीची अपलोड मर्यादा तिला दिसतसुद्धा नाही.

आता तीच फाइल पिलोत उलगडते तेव्हा काय होते ते पाहा. एकबिटी चित्रालाही पिलो आतून दर पिक्सेलमागे एक बाइट देते, म्हणजे ९० कोटी बाइट. थंबनेल बनवण्यापूर्वी आपण ते आरजीबीमध्ये बदलतो, आणि आरजीबीला पिलो तीन नव्हे तर चार बाइट वापरते, म्हणजे आणखी ३६० कोटी. रूपांतर चालू असताना दोन्ही प्रती मेमरीत असतात. ११० केबीच्या फाइलने साडेचार जीबी मेमरी मागितली ती अशी. यात लायब्ररीची काहीही चूक नाही. ती सांगितलेले काम प्रामाणिकपणे करते. म्हणूनच ‘नवी आवृत्ती टाकली तरी प्रश्न तसाच आहे’ अशी तक्रार ऐकू येते.

ही युक्ती जुनी आहे. सुरक्षा-दोष नोंदवण्याच्या हॅकरवन या मंचाच्या स्वतःच्या साइटबाबत नोंदवला गेलेला आणि पुढे जाहीर झालेला ‘पिक्सेल फ्लड’चा अहवाल याच प्रकारचा आहे. त्यात जेमतेम पाच केबीच्या जेपेग फाइलच्या हेडरमध्ये ६४,२५० गुणिले ६४,२५० अशी मापे लिहिली होती, म्हणजे चारशे बारा कोटींहून अधिक पिक्सेल. २०१० साली खुद्द पीएनजी वाचणाऱ्या लिबपीएनजीमध्ये सीव्हीई-२०१०-०२०५ हा दोष (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-दोषांना दिलेला क्रमांक) दुरुस्त करावा लागला. त्यात चित्र साधेच असे, पण त्याला जोडलेला संकुचित मजकुराचा किंवा रंग-प्रोफाइलचा भाग उलगडताना अवाढव्य होई. म्हणजे पिक्सेल मोजणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

पिलोची मर्यादा आणि ‘नन’चा सल्ला

पिलोमध्ये यावर संरक्षण आहे. कमाल पिक्सेलांची मूळ मर्यादा ८,९४,७८,४८५ आहे. त्याहून मोठे चित्र उघडले की फक्त इशारा मिळतो आणि काम पुढे चालू राहते. दुपटीच्या वर, म्हणजे १७,८९,५६,९७० पिक्सेलांच्या पुढे गेल्यावर मात्र त्रुटी उठते. वर वर्णन केलेली फाइल म्हणूनच मूळ सेटिंगमध्ये उघडणारच नाही. तरीही ती उघडत असेल तर कोडमध्ये शोध घ्यावा: कोणीतरी ही मर्यादा ‘नन’ करून, म्हणजे काढूनच, ठेवलेली असते. इंटरनेटवर या त्रुटीचा सर्वांत सहज सापडणारा उपाय तोच आहे. सार्वजनिक अपलोड स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर हा सल्ला सरळसरळ धोकादायक आहे, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते.

तो सल्ला लोक घेतात त्यामागे खरी अडचण असते, हेही मान्य करायला हवे. जुने नकाशे, वर्तमानपत्रांचे अंक, मोडी कागदपत्रे यांचे डिजिटायझेशन करणाऱ्यांना ६०० डीपीआयचे स्कॅन हाताळावे लागतात. ए४ आकाराचे पान ६०० डीपीआयला साधारण साडेतीन कोटी पिक्सेलचे होते आणि बिनदिक्कत उघडते. ए२ पान सुमारे १३.९ कोटींचे, म्हणजे इशारा मिळतो. ए१ नकाशा सुमारे २७.९ कोटींवर जातो आणि पिलो तो नाकारते. हे काम करणाऱ्याने स्वतःच्या विश्वासातील फाइलींसाठी वेगळी प्रक्रिया ठेवावी, तिथे मर्यादा तीस कोटी किंवा गरजेप्रमाणे लावावी, आणि त्या प्रक्रियेला तेवढी मेमरी द्यावी. मर्यादा मोठी करणे आणि मर्यादाच काढून टाकणे यांत फार अंतर आहे.

सार्वजनिक अपलोडसाठी मर्यादा मेमरीवरून काढावी. समजा कंटेनरला दोन जीबी आहेत, त्यात चार उपप्रक्रिया चालतात, आणि मूळ प्रोग्रामला चारशे एमबी लागतात. उरलेल्या १.६ जीबीतून प्रत्येकीच्या वाट्याला चारशे एमबी येतात. दर पिक्सेलला चार बाइट, आणि फोनने आडवा काढलेला फोटो सरळ करताना एक पूर्ण प्रत अधिक, म्हणजे आठ बाइट. हिशेब पाच कोटी पिक्सेलांवर येतो. पिलोची मूळ मर्यादा याच्या साडेतीन पटींपर्यंत केवळ इशारा देऊन चित्र आत घेते, म्हणून ‘मर्यादा चालू आहे, तरी वर्कर मरतो’ हे अगदी शक्य आहे. मर्यादा पाच कोटींवर आणावी आणि इशाऱ्याचे त्रुटीत रूपांतर करणारा फिल्टर सुरुवातीलाच लावावा.

पण १०८ मेगापिक्सेलचे कॅमेरे असलेले फोन आज सर्रास आहेत, आणि पूर्ण क्षमतेने काढलेला १२,००० गुणिले ९,००० चा फोटो या मर्यादेत बसत नाही. अशा जेपेगसाठी चांगला मार्ग आहे. जेपेगचे डीकोडिंग करतानाच चित्र निम्मे, पाव किंवा एक-अष्टमांश करता येते. पिलोत ड्राफ्ट ही पद्धत हेच करते आणि थंबनेल ही पद्धत ती स्वतःहून वापरते. एक-अष्टमांश केले की तो फोटो १,५०० गुणिले १,१२५ इतकाच उलगडतो. त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते: थंबनेलच्या आधी रूपांतर, फिरवणे किंवा अन्य कोणतेही काम करू नये, कारण त्यातले कोणतेही काम आधी पूर्ण चित्र उलगडायला लावते. आधी लहान करावे, मग सरळ करावे. दुसरी गोष्ट, प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणाऱ्या) जेपेगला ही सवलत अर्धीच मिळते. त्याचे सर्व गुणांक (जेपेग ज्या संख्यांत चित्र साठवते त्या) पूर्ण आकारात मेमरीत ठेवावे लागतात, दर गुणांकाला दोन बाइट, म्हणजे या फोटोसाठी रंगाचे नमुने नेहमीप्रमाणे कमी केलेले असले तरी तीनशे एमबीहून अधिक. जेपेगसाठी मर्यादा थोडी वाढवायची असेल तर प्रोग्रेसिव्ह फाइल ओळखून तिला जुनीच मर्यादा लावावी.

नोडवर (सर्व्हरवरील जावास्क्रिप्टमध्ये) शार्प ही चित्रांची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी मूळ मर्यादा २६,८४,०२,६८९ पिक्सेल, म्हणजे १६,३८३ चा वर्ग आहे. तिच्या पायाशी असलेली लिबव्हिप्स शक्य तिथे चित्र तुकड्यातुकड्यांनी वाचते, म्हणून तिला मेमरी पुष्कळ कमी पुरते. तरी आकडा आपल्या हिशेबानेच बसवावा.

इमेजमॅजिक: मेमरी शाबूत, पण डिस्क भरली

इमेजमॅजिकमध्ये लक्षण वेगळे दिसते. वर्कर मरत नाही, पण एकेका चित्राला कित्येक मिनिटे लागतात, सर्व्हरचा डिस्कवरील भार चढतो आणि टेंप फोल्डरमध्ये ‘मॅजिक’ने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइली साचतात. प्रक्रिया मध्येच मारली गेली तर त्या फाइली मागे राहतात आणि एक दिवस डिस्क भरते. याचे मूळ पॉलिसी फाइलमधील मर्यादांच्या अर्थात आहे. मेमरी, मॅप आणि एरिया या मर्यादा ओलांडल्या की इमेजमॅजिक चित्र नाकारत नाही, तर ते पिक्सेल डिस्कवर ठेवून काम चालू ठेवते. नकार देणाऱ्या मर्यादा म्हणजे रुंदी, उंची, डिस्क आणि वेळ. मेमरी आणखी कमी करून हल्ला थांबेल असे समजणाऱ्यांच्या हाती म्हणून केवळ अधिक संथ सर्व्हर येतो. डेबियनच्या नेहमीच्या पॉलिसीत रुंदी आणि उंचीला प्रत्येकी १६ हजार पिक्सेल आणि डिस्कला एक जीबी दिलेले असते; छायाचित्रांच्या साइटला हेही सैल आहे. कोणते आकडे प्रत्यक्ष लागू आहेत हे आयडेंटिफायला रिसोर्सची यादी विचारून पाहावे, कारण कंटेनरमध्ये इमेजमॅजिक स्वतः कंपाइल केलेले असेल तर ते भलत्याच फोल्डरमधील पॉलिसी वाचत असते.

अॅनिमेटेड जीआयएफचा हिशेबही इथेच करावा. २,००० गुणिले २,००० ची एक फ्रेम चाळीस लाख पिक्सेलांची, म्हणजे निरुपद्रवी. अशा हजार फ्रेम पूर्ण उलगडून एकत्र ठेवल्या तर दर पिक्सेलला चार बाइट धरूनही सोळा जीबी होतात. थंबनेलला पहिलीच फ्रेम हवी असते, तेव्हा फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य लिहून तेवढीच मागावी.

मेमरी नाही, सीपीयूही नाही, तरी वर्कर अडकलेला

हा प्रकार सर्वांत फसवा आहे. आलेखांवर सगळे शांत दिसते, एकही त्रुटी नसते, फक्त वर्कर एकेक करून काम करेनासे होतात. सीव्हीई-२०२२-४४२६७ हे याचे नेमके उदाहरण. इमेजमॅजिक ७.१.०-४९ मध्ये, पीएनजीच्या मजकूर-भागात ‘प्रोफाइल’ या नावापुढे केवळ एक आडवी रेघ लिहिलेली असेल तर कन्व्हर्ट ती रेघ म्हणजे फाइलचे नाव समजे. आज्ञावलीच्या जगात आडवी रेघ म्हणजे प्रमाणित इनपुट, त्यामुळे कन्व्हर्ट तिथून काही येण्याची वाट पाहत बसून राही. चित्र लहान, पिक्सेल मोजके, हेडर निर्दोष. अशी अडकलेली प्रक्रिया सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने पाहिली तर ती शून्य क्रमांकाच्या फाइलवर रीडमध्ये थांबलेली दिसते. मुख्य उपाय आवृत्ती बदलणे हाच, पण बाहेरील प्रोग्राम चालवताना त्याचे इनपुट नेहमी रिकाम्या उपकरणाला (नल डिव्हाइसला) जोडून द्यावे, म्हणजे वाट पाहायला काही उरत नाही.

उलट प्रकारात सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि उतरत नाही. पिलोमधील सीव्हीई-२०२१-२८६७६ मध्ये एफएलआय या जुन्या अॅनिमेशन फॉरमॅटचा डीकोडर पुढे सरकण्याचे अंतर शून्य आहे का हे तपासत नसे, म्हणून त्याच जागी अनंत फिरत राही, ८.२.० मध्ये ते दुरुस्त झाले. आपल्या साइटवर एफएलआय कोण टाकणार, असे वाटेल. पण पिलो फाइलच्या नावाकडे पाहत नाही, आतील बाइट पाहते; जेपेगचे नाव दिलेली एफएलआय फाइल ती इमानाने एफएलआय म्हणूनच उघडते. यासाठी चित्र उघडताना स्वीकार्य फॉरमॅटांची यादी द्यावी: जेपेग, पीएनजी, वेबपी. ही सोय पिलो ८.० पासून आहे, आणि या एका ओळीने कधीही न वापरले जाणारे डझनावारी डीकोडर हल्लेखोरासाठी बंद होतात. इमेजमॅजिकमध्ये पॉलिसीतून कोडर (एकेक फॉरमॅट वाचणारे भाग) बंद करता येतात आणि फाइलच्या नावाआधी फॉरमॅट लिहून तो सक्तीचा करता येतो.

वेळेची मर्यादा लावलेली असूनही ती लागू का होत नाही, हा प्रश्न इथे हमखास येतो. पायथॉनमध्ये अलार्मचा सिग्नल आला तरी त्याचे काम दुभाष्याकडे (पायथॉनचा कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरकडे) नियंत्रण परत आल्यावरच होते. सी भाषेतील डीकोडर चक्रात अडकला असेल तर नियंत्रण परत येतच नाही. सेलरीची मऊ कालमर्यादा (कोडमध्येच अपवाद उठवणारी) याच कारणाने इथे लंगडी पडते. कडक कालमर्यादा उपप्रक्रियेलाच मारते, म्हणून ती चालते. वेगळा थ्रेड करून काहीच साधत नाही, कारण थ्रेडला बाहेरून मारता येत नाही.

डीकोडिंग स्वतंत्र प्रक्रियेत

म्हणून माझा आग्रह असा की अनोळखी चित्र उघडण्याचे काम नेहमी अल्पायुषी, स्वतंत्र प्रक्रियेत करावे. तिला सुरुवातीलाच मर्यादा घालाव्यात: पत्त्यांच्या जागेची (म्हणजे मागता येणाऱ्या एकूण मेमरीची), सीपीयूच्या सेकंदांची आणि लिहिता येणाऱ्या फाइलच्या आकाराची, आणि पालक प्रक्रियेने घड्याळ लावून मुदत संपताच तिला मारावे. पत्त्यांच्या जागेच्या मर्यादेचा मोठा फायदा असा की मेमरी मिळाली नाही तर पायथॉनमध्ये रीतसर मेमरीची त्रुटी उठते, जी पकडता येते, लिहिता येते. कर्नलने मारण्यापेक्षा हे कितीतरी बरे. ही मर्यादा मात्र जरा सैल ठेवावी, कारण अनेक थ्रेड असले की सी लायब्ररी प्रत्यक्षात न वापरलेली जागाही राखून ठेवते.

आवृत्त्यांबाबत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लिबवेबपीमधील सीव्हीई-२०२३-४८६३ हा गंभीर दोष उघड झाला आणि १.३.२ मध्ये दुरुस्त झाला. अनेकांनी सर्व्हरचे पॅकेज अद्ययावत केले आणि काम झाले असे मानले. पण पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) बसवलेल्या पिलोच्या तयार पॅकेजमध्ये लिबवेबपी, लिबटिफ, जेपेग यांच्या स्वतःच्या प्रती असतात. सिस्टिमचे अपडेट त्यांना स्पर्शही करत नाही. पिलो स्वतः १०.०.१ वर नेल्याशिवाय ती दुरुस्ती लागू होत नव्हती. आत कोणती आवृत्ती आहे हे पिलोच्या फीचर्स या मॉड्यूलला विचारता येते.

सगळे बदल झाल्यावर चाचणीच्या सर्व्हरवर पाच फाइली ओळीने टाकाव्यात: ३०,००० गुणिले ३०,००० ची एकबिटी पीएनजी, मापे बदललेली लहान जेपेग, हजार फ्रेमची जीआयएफ, जेपेगचे नाव दिलेली एफएलआय, आणि शेवटी फोनचा एक साधा फोटो. जीआयएफ तर स्वीकार्य यादीत नसल्याने किंवा पहिल्या फ्रेमवर थांबल्याने निकाली निघावी, बाकीच्या तिन्ही काही सेकंदांत कारणासह नाकारल्या जाव्यात, वर्करचा प्रक्रिया क्रमांक बदलू नये, आणि पाचव्या फोटोचे थंबनेल तयार झालेले दिसावे. नाकारताना वापरकर्त्याला ‘काहीतरी चुकले’ असे न सांगता ‘हे चित्र इतक्या पिक्सेलांचे आहे, आमची मर्यादा इतकी आहे’ असे आकड्यांसह सांगावे, म्हणजे नकाशाचा खरा स्कॅन पाठवणाऱ्याला तो लहान करून पुन्हा पाठवता येईल.